तुरुंगातून गेलेला अर्ज दुरुस्त करता येतो

घरातला माणूस तुरुंगात असला की त्याच्या केसबद्दल सगळे विचारतात. आत त्याला औषध मिळतं का, मारहाण होते का, हे फारसं कुणी विचारत नाही. मग तोच कागद मागून घेतो आणि मोडक्यातोडक्या भाषेत कोर्टाला अर्ज लिहितो. पुढच्या मुलाखतीत तुम्हाला सांगतो, "तारीख चुकली. मारणाऱ्याचं नाव राहून गेलं." अर्ज वाया गेला, असं तेव्हा समजू नका.

आपल्या देशात कैद्याच्या साध्या पत्राचीही याचिका झालेली आहे. १९७९ साली तिहार तुरुंगातून सुनील बत्रा या कैद्यानं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरनं छळ केला, अशी त्यात तक्रार होती. न्यायालयानं पत्रच दाखल करून घेतलं आणि बाकीची माहिती काढायला वकील आत पाठवले. मुंबईतही असंच झालं. पत्रकार शीला बारसे १९८२ मध्ये तुरुंगातल्या पंधरा बायांशी बोलल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारलं, असं त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं. बारसेंच्या पत्रावरून न्यायालयानं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक ए. आर. देसाई यांना त्या बायांना भेटून अहवाल द्यायला सांगितलं. १९८३ च्या निकालात बायांच्या कोठडीवर महिला पोलिसांचाच पहारा हवा आणि चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी, असे आदेश निघाले. पहिल्या पत्रात सगळं कुठं होतं?

सोनगीरला घागर गळली तर कुणी ती लगेच मोडीत काढत नाही, डाग देऊन घेतात. अर्जाचंही तसंच. मात्र डाग कोर्टाला विचारून द्यायचा. आधीच्या कागदावर परस्पर खाडाखोड चालत नाही. 'दुरुस्तीची परवानगी द्यावी' असा वेगळा अर्ज करायचा. काय बदलायचं, कुठल्या परिच्छेदात आणि का, हे त्यात लिहायचं.

नुकसानभरपाईचा दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ६, नियम १७ लागतो. खऱ्या वादाचा निकाल लागायला जरूर असलेली दुरुस्ती कोर्ट करू देतं. पण दाव्याची सुनावणी सुरू झाल्यावर मागितली, तर पुरेशी काळजी घेऊनही हे आधी का मांडता आलं नाही, ते पटवावं लागतं. म्हणून उशीर नको. परवानगी मिळाल्यावर कोर्टानं दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, दुरुस्ती करून टाकायची. ही पायरीच बहुतेकांना माहीत नसते. शिवाय एखाद्या नव्या मागणीची कायद्यातली मुदत संपली असेल, तर ती दुरुस्तीच्या वाटेनं आत आणणं कठीण. उच्च न्यायालयातल्या याचिकेला हा नियम जसाच्या तसा लागत नाही, पण परवानगी तिथंही घ्यावीच लागते. धुळे-जळगावसाठी ते न्यायालय म्हणजे औरंगाबाद खंडपीठ.

अमेरिकेत कैद्याचा नवा अर्ज जुन्याची जागाच घेतो. जुन्यातलं जे नव्यात लिहायचं राहिलं, ते सहसा गेलंच. आपल्याकडे मूळ अर्ज राहतो आणि बदल त्यात घातला जातो. आम्हाला आपली रीत बरी वाटते.

घरच्या बाईचं काम मुलाखतीच्या दिवशी असतं. नुसतं "बरा आहेस ना?" विचारून परतू नका. कुठल्या दिवशी, कुठल्या बराकीत, कुणी केलं, कुणी पाहिलं, डॉक्टरला दाखवलं का, हे विचारा आणि बाहेर आल्याबरोबर वहीत लिहा. अर्ज गेल्यावर त्याचा राग धरून काही नवीन त्रास झाला असेल, तर तोही तारखेसह लिहा. अर्जाची नक्कल आणि नंबर घरी ठेवा.

ती वही घेऊन धुळ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. तुरुंगातल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला तिथं मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यानं या दोघांना उत्पन्नाची अट नाही. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन लावा.