दादांचा स्टिरिओ आणि आईचा आवाज

“ही तुझी आई नव्हे रे!” दादा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. आमच्या आईने 1984 च्या दिवाळीत घरच्या मंडळींच्या आग्रहावरून दोन नाट्यपदे आणि एक अभंग म्हटला होता. मामांनी तो कॅसेटवर उतरवून घेतला होता. आईला जाऊन आता नऊ वर्षे झाली. आमच्या चिरंजीवांनी ती कॅसेट एका दुकानातून कॉम्प्युटरवर चढवून आणली आणि आजोबांना चकित करावे म्हणून लॅपटॉपवरून थेट त्यांच्याच स्टिरिओवर लावली. हा स्टिरिओ म्हणजे आमच्या घरातले पाचवे माणूस. 1986 साली दादांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून तो घेतला आणि अजून त्याच्यावरची धूळ ते स्वतःच पुसतात. पण त्या दिवशी त्यातून जो आवाज निघाला, तो पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी गावे तसा!

मी हिशेबनीस माणूस. ध्वनिशास्त्राचा माझा संबंध आमच्या सौभाग्यवतींच्या आवाजापुरताच! तरी दादांचे ते फिरलेले तोंड मला स्वस्थ बसू देईना. चिरंजीव म्हणाले, “बाबा, नवा स्टिरिओच घेऊन टाकू.” मी म्हटले, “जमाखर्च जुळत नाही म्हणून कोणी वही बदलत नाही. चूक कुठे आहे ती आधी शोधू.” पुढचे दहा-बारा दिवस आम्ही बापलेक त्या चुकीच्या मागे होतो. आपल्याकडेही असाच जुना स्टिरिओ असेल, तर ही हकीकत आपल्या उपयोगी पडावी.

पहिला संशय ब्लूटूथवर. चिरंजीवांनी स्टिरिओच्या पाठीमागे आगपेटीएवढे एक यंत्र चिकटवले होते. लॅपटॉप त्याच्याशी बिनतारी बोलत असे. सोय मोठी, पण वाट अरुंद. 1982 साली सी.डी. बाजारात आली तेव्हापासूनचे तिचे माप असे, की दर सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापे, प्रत्येक 16 बिटांचे, आणि डावे-उजवे असे दोन भाग. गुणाकार केलात तर सेकंदाला 14 लाखांवर बिट होतात. ब्लूटूथची जी सर्वसाधारण पद्धत आहे तिच्यात जेमतेम सव्वातीन लाखांच्या आसपास मावतात. मग यंत्र काय करते? कानाला चुकणार नाही असे त्याला वाटते तेवढे टाकून देते. वायफायवरून आवाज घेणारी यंत्रे मिळतात, त्यांची वाट पुष्कळ रुंद असते. पण आम्ही सरळ तारच घेतली. तिचे एक टोक लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकात आणि दुसऱ्या टोकाचे लाल-पांढरे दोन फाटे स्टिरिओच्या पाठीत.

आवाज उघडला खरा, पण त्याच्या जोडीला ‘घूंऽऽ’ अशी अखंड गुणगुण सुरू झाली. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मिक्सर कोणी लावलाय?”

या गुणगुणीने आमचे तीन दिवस खाल्ले. शेवटी चिरंजीवांनी सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घर शांत झाले! लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरच्या बोर्डात, स्टिरिओ समोरच्या भिंतीवर. दोघांनाही अर्थिंगची तिसरी पिन. वरून आमच्या तारेने दोघांना जोडले. त्यामुळे दोन अर्थिंगांचे मिळून एक कडे तयार झाले, आणि आपल्याकडच्या विजेची 50 हर्ट्‌झची लय त्यात घुटमळू लागली. दोघांनाही एकाच बोर्डात लावले तेव्हा गुणगुण बरीच उतरली. गाणे ऐकताना चार्जर काढून ठेवला की मुळीच उरत नाही. ज्यांना ते जमत नसेल त्यांच्यासाठी तारेच्या मध्ये बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो. नव्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल तारेची सोय असते. लॅपटॉपलाही ती असेल तर सोन्याहून पिवळे, कारण त्या तारेतून प्रकाश जातो, वीज नाही. मात्र अर्थिंगची पिन मोडून टाकण्याचा सल्ला कोणी शेजारी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. ती पिन जिवासाठी आहे, गाण्यासाठी नव्हे.

गुणगुण गेल्यावर तिच्याखाली दडलेली बारीक चुरचुर ऐकू येऊ लागली. माऊस हलवला की वाढे, थांबवला की कमी होई. लॅपटॉपच्या पोटात सतरा प्रकारची विजेची धावपळ चालू असते. त्याच गर्दीत आकड्यांचा आवाज करणारा भाग बसवलेला असतो. तो भाग बाहेर काढावा, म्हणजे यू.एस.बी.ला लावायचे एक छोटे डॅक घ्यावे. या सगळ्या उद्योगात आम्हांला खर्च आला तो एवढाच, 1800 रुपये. पण ध्यानात ठेवा, अर्थिंगचे कडे याने तुटत नाही.

आवाजाची कळ कोठे फिरवावी, हीही गंमतच. आम्ही लॅपटॉपवर आवाज बारीक ठेवून स्टिरिओवर मोठा करीत होतो. त्याबरोबर वाटेतली सगळी कुजबुजही मोठी होत होती. लॅपटॉपवर जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि लहानमोठा स्टिरिओवर करावा. लॅपटॉपमध्ये ‘बास वाढवा’, ‘आवाज खुलवा’ असली जी आमिषे असतात, ती सगळी बंद करावीत. पूर्ण आवाजाला आणखी चढवले की सूर फाटतो.

आणि स्पीकर! एक कपाटावर, दुसरा पडद्यामागे जमिनीवर. तीस वर्षांत हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. दोन्ही खाली घेऊन बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे, आणि दादांची खुर्ची अशी मांडली, की दोन स्पीकर व खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा. खरे सांगतो, एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. सी.डी.च्या मापापेक्षाही चढ्या मापाच्या गाण्यांची हौस पुष्कळांना असते. माणसाचा तरुण कान 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर वरचे सूर सुटत जातात. शहाऐंशी वर्षांच्या दादांसाठी मी त्या हौशीला पैसे देणार नाही.

एवढे सगळे झाल्यावर हिराबाई बडोदेकरांचे एक गाणे लावले. तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. मग आईची फाइल लावली. पुन्हा तोच पत्र्याचा डबा!

घोडे पेंड खात होते ते येथे. दुकानदाराने जागा वाचवण्यासाठी फाइल इतकी दाबून एम्‌.पी.थ्री केली होती, की आडातच नव्हते तर पोहऱ्यात कोठून येणार? अशी फाइल नंतर मोठ्या मापात बदलून उपयोग नाही. ताकाचे पुन्हा दूध होत नाही.

“मूळ कॅसेट कुठाय?” मी विचारले. चिरंजीवांनी आईकडे पाहिले. सौ.चा चेहरा पडला. दिवाळीच्या आवराआवरीत ती भंगाराच्या पिशवीत गेली होती! सणाच्या दिवसांत भंगारवाला फिरकला नाही, म्हणून पिशवी गॅलरीत तशीच पडून होती. मी ती रात्री दहा वाजता जमिनीवर उपडी केली.

मित्राकडून चांगला कॅसेट-प्लेअर आणला, त्याचे हेड स्पिरिटने पुसले. फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मोकळी केली. मग काही न गाळता फ्लॅकमध्ये उतरवून घेतली. फितीची सळसळ तशीच राहू दिली. ती पुसायला गेले की आवाजाची कडही पुसली जाते.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी दादांना खुर्चीत बसवले. काही सांगितले नाही. अभंगाच्या दुसऱ्या कडव्याला पाठीमागे कुकरची शिटी झाली, आई गातागाता हसली, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे दादा कोठूनसे म्हणाले, “अगं, तू गा, मी बघतो.”

खुर्चीतले दादा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बघितला नव्हता मी कुकर. भात करपला होता त्या दिवशी. पुन्हा लाव.”