साथीच्या दिवसांतील निवारा



२०२० सालच्या मार्चमध्ये देशभर एकच सूचना घुमत होती: घराबाहेर पडू नका. सूचना योग्यच होती. परंतु प्रत्येकाला घर आहे, हे तिच्यात गृहीत धरले होते. २०११ च्या जनगणनेत मात्र भारतात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली होती. पदपथ, पुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट, हीच त्यांची घरे. त्यांनी दार लावून घ्यायचे ते कोणते?

यांच्याच शेजारी उभा असतो रोजंदारीवरचा भाडेकरू. काम थांबले की भाडे थकते आणि भाडे थकले की खोली जाते. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने घरमालकांना आदेश दिला, की मजुरांकडे महिनाभर भाडे मागू नये. पण महिना संपल्यावर काय, हा प्रश्न उरलाच. निपाणीजवळ कोगनोळी नाक्यावर प्रवाशांची अडवणूक व तपासणी चालू असलेल्या त्या काळात गावाकडे परतणेही सोपे नव्हते.

रोग आणि निवारा यांचा हा संबंध आपल्याला नवा नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, तेव्हा दाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याने रोगट वस्त्या पाडल्या. परंतु आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरी पडली. उठवलेली गरीब कुटुंबे शेजारच्या वस्तीत शिरली आणि तेथील दाटी वाढली. घर मोडणे म्हणजे रोग मोडणे नव्हे, हा त्यातला धडा.

मग हवे काय? राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने असे प्रमाण ठरवले होते, की शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय होईल असा कायमचा निवारा असावा आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा मिळावी. बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ साली सुमारे ४ लाख ८८ हजार होती. हिंडलग्यासारखी लगतची गावे त्यात नाहीत. म्हणजे या हिशेबाने चारशेहून अधिक माणसांची सोय हवी. साथीत तर दोन अंथरुणांत अंतर ठेवावे लागते. आजाऱ्यासाठी वेगळी खोली लागते. तेव्हा जागा अधिकच लागणार.

हे सारे सरकारने करावे, हे खरे. तथापि निवारा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना आपला हात लागतोच. साथ आली की अन्नाची पाकिटे भरभरून येतात. वीजबिल, पाणी, साबण आणि रात्रीच्या राखणदाराचा पगार यांना मात्र कोणी दाता भेटत नाही. म्हणून दरमहा थोडी पण ठरलेली रक्कम देणे हे एकदाच्या मोठ्या देणगीपेक्षा अधिक उपयोगी. वस्तू देण्यापूर्वी काय हवे ते विचारावे. आणि शक्य असेल तेथे एखाद्या कुटुंबाचे दोन महिन्यांचे भाडे भरावे; कारण घर सुटल्यावर ते पुन्हा मिळवण्यास अनामत लागते, ओळख लागते. सुटू न देणेच स्वस्त पडते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे स्वतःचे घर. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती त्यांच्या स्वाधीन झाली. शासनाच्या मदतीला कामगारांनी आपल्या कमाईतला वाटा जोडला होता. निपाणीच्या विडी कामगारांना हे उदाहरण परके वाटू नये.

पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा 'घरी राहा' हे शब्द सर्वांना पाळता यावेत, एवढी तयारी मात्र शांततेच्या दिवसांतच करावी लागते.