प्राध्यापकांच्या नावावरची पुस्तके

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून विद्यार्थ्याला एका वेळी दोन-तीन पुस्तके मिळतात, तीही आठ-पंधरा दिवसांसाठी. प्राध्यापकांना मात्र दहा, वीस, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पुस्तके सत्रभर घरी ठेवता येतात आणि उशीर झाला तरी सहसा दंड पडत नाही. ही सवलत कामाची गरज ओळखून दिलेली असते. अभ्यासक्रम बदलला की नवा पेपर शिकवणाऱ्याला नेमलेल्या पुस्तकाखेरीज त्यावरची समीक्षा, जुन्या आवृत्त्या, संदर्भ असे बरेच काही महिनोन्‌महिने हाताशी लागते. संशोधन करणाऱ्याची गरज तर याहून मोठी.

पुस्तकांची संख्या आणि मुदत बहुधा ग्रंथालय समिती ठरवते. प्राचार्य अध्यक्ष, ग्रंथपाल सचिव आणि निरनिराळ्या विभागांतले काही प्राध्यापक सदस्य, अशी तिची नेहमीची रचना. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांचे नियमही वेगळे असू शकतात. नवी खरेदीही याच वाटेने होते. प्राध्यापकाने मागणीपत्रक भरायचे, विभागप्रमुखाने सही करायची आणि ते पुस्तक संग्रहात आधीच आहे का, हे ग्रंथपालांनी पाहायचे. पुस्तक मागवण्याचा हा हक्क पुस्तक घरी नेण्याच्या सवलतीइतकाच मोलाचा आहे.

देवघेवीच्या खिडकीवर आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीतला स्वतःचा क्रमांक असतो. पाठीवरच्या चिठ्ठीवर वर्गांक असतो. ड्युईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा ८९१.४६. आत चिकटवलेल्या तारीखपट्टीची जागा आता बऱ्याच ठिकाणी बारकोडने घेतली आहे आणि नोंदी ‘कोहा’ किंवा ‘सोल’सारख्या संगणक प्रणालीत होतात. ‘सोल’ बनवणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेची सुरुवात १९९१ साली पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत एक प्रकल्प म्हणून झाली. आज तिचे केंद्र गांधीनगरला आहे.

काही पुस्तके मात्र प्राध्यापकांनाही घरी मिळत नाहीत. विश्वकोशाचे खंड, शब्दकोश, बांधीव नियतकालिके आणि दुर्मीळ ग्रंथ तिथेच बसून पाहायचे. फार तर ग्रंथालय बंद होताना न्यायचे आणि सकाळी उघडताच आणून द्यायचे, एवढी मुभा काही ग्रंथपाल देतात.

खरी अडचण येते ती एकच प्रत असलेल्या पुस्तकाची. प्राध्यापकाने ते जूनमध्ये नेले आणि परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी मागायला आला, तर काय करायचे? चांगल्या नियमावलीत याचे उत्तर लिहिलेले असते: दुसऱ्या वाचकाने मागणी नोंदवली की मुदत शिल्लक असली तरी ठरलेल्या दिवसांत पुस्तक परत करायचे. हे कलम नसेल, तर परतीचा तगादा ग्रंथपालांच्या भिडेवर राहतो. ज्येष्ठ प्राध्यापकांकडे सहायक ग्रंथपालाने चौथ्यांदा पुस्तक मागायला जाणे किती अवघड असते, हे त्या खिडकीमागे बसणाऱ्यालाच ठाऊक. दंड नसलेल्या वाचकाकडून तर वेळेवर परतीची अपेक्षा अधिकच ठेवायला हवी.

वर्षअखेरीला सगळी पुस्तके एकदा जमा करायला सांगतात, ते मोजणीसाठी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची मोजणी दरवर्षी करावी, असे आहे. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणे तिथे वाजवी धरले आहे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. दुर्मीळ ग्रंथ हरवला, तर त्याची किंमत कितीही असो, चौकशी करावीच लागते. हा भेद अगदी योग्य आहे. बाजारात मिळणारे पुस्तक हरवले तर नवी प्रत आणून देता येते किंवा किंमत भरता येते. पन्नास वर्षांपूर्वी छापलेला, पुन्हा आवृत्ती न निघालेला मराठी ग्रंथ मात्र दुप्पट पैसे भरूनही कपाटात परत येत नाही. निवृत्तीच्या वेळी ग्रंथालयाचे ‘ना देय’ प्रमाणपत्र मागतात, ते याचसाठी.

इंटरनेटवरच्या साहित्यात प्रतींचा प्रश्न पुष्कळ हलका होतो. इन्फ्लिबनेटच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत महाविद्यालय सभासद असेल, तर प्राध्यापकांना घरबसल्या ई-पुस्तके आणि संशोधनपत्रिका वाचता येतात. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध सर्वांना खुले आहेत. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधनपत्रिकांची योजना २०२५ पासून सुरू झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्था आहेत. आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत बसते, हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती मात्र बिकट आहे. वर्गात शिकवायचे तेच, पण नेमणूक तात्पुरती म्हणून कित्येक ठिकाणी त्यांना पुस्तके कमी मिळतात किंवा अनामत मागितली जाते. नियमावली ठरवताना ग्रंथालय समित्यांनी पुस्तकांची संख्या नेमणुकीच्या प्रकारावरून न ठरवता शिकवण्याच्या कामावरून ठरवावी आणि नियमांचा छापील कागद प्रत्येक नव्या शिक्षकाच्या हाती पहिल्याच दिवशी द्यावा.