परक्या घरात रांगतं बाळ

होम एक्स्चेंज म्हणजे त्यांनी तुमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहायचं, तुम्ही त्यांच्या लंडनच्या घरात. युरोपात हे १९५३ पासून चालत आलंय. हॉटेलचा खर्च वाचतो. पण बाळ सोबत असेल तर बॅगा उघडण्याआधी स्वतः रांगत घर फिरा. कुणी हसलं तर हसू द्या! लोंबकळती वायर, सिंकखालचा क्लीनर तेव्हाच दिसतो. शिवाय फ्लॅटमध्ये वाढलेल्या बाळानं घरातला जिना पाहिलेलाच नसतो. जिन्याला फाटक आहे का, हे निघण्याआधीच विचारा. पाळण्यात अंथरायची चादर घरचीच न्या, न धुता. ओळखीचा वास सोबत राहतो. आणि झोपेचं? दिल्लीत सकाळी साडेसातला उठणारं बाळ उन्हाळ्यातल्या लंडनमध्ये पहाटे ३ वाजता खेळायला तयार! आईबाबांनी पाळ्या लावाव्यात. त्या वेळी मऊ भात शिजवायला स्वयंपाकघर तरी हाताशी असतं.