वैर राजाचं, मरण बाळंतिणीचं

रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) राजा हरिमान सिंह सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवायचा हुकूम देतो. धड एकीकडे, डोकं दुसरीकडे. मरता मरता सामरी शाप देतो, पण त्याची झळ राजाला बसत नाही. या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल, असा तो शाप. पुढच्या पिढ्यांतल्या ठाकुराला यावर तोड काय सुचते, तर तरुण मुलीचं प्रेम मोडायचं. लग्न नाही म्हणजे दिवस जाणं नाही, दिवस जाणं नाही म्हणजे मरण नाही. सामरीचा सोक्षमोक्ष लावणं त्याच्या डोक्यात येत नाही. लेकीवर पहारा मात्र लगेच बसतो.

आपल्याकडचे भयपट पाहताना मी चार गोष्टी तपासतो: अपराध कुणाचा, भूत कुणाचं, ते अंगात येतं कुणाच्या आणि शेवटी सुटतं कोण. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा पुरुष असतं. मधल्या दोहोंचं बाई. चौथ्याशी पोचलो की पुन्हा पुरुष.

अमेरिकी भयपटांतली शिक्षेची रीत वेगळी होती. ‘हॅलोवीन’ (१९७८), ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) यांत मौजमजा करणारी पोरं-पोरी आधी मरायची आणि सावध, बरीचशी सोवळी मुलगी खुन्याला पुरून उरायची. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ च्या लेखात तिला ‘फायनल गर्ल’ म्हटलं. आपल्याकडे ही एकटी झुंजणारी पोर फारशी रुजली नाही. शेवटच्या रिळात त्रिशूळ, मशाली आणि अख्खा गाव हजर असताना तिला एकटं सोडणार कोण?

‘वीराना’ (१९८८) घ्या. गावकरी चेटकिणीला फासावर देतात, ती ठाकुरांच्या मुलीच्या, जास्मिनच्या, अंगात शिरते. मोठी झालेली जास्मिन निर्जन रस्त्यावर पुरुषांना भुलवते आणि मारते. कॅमेरा तिच्या अंगावरून हटायला तयार नाही, लोकांनी तिकिटं काढली तीही तिच्यासाठीच. डोळ्यांचे लाड पुरवून झाले की त्याच बाईचा बंदोबस्त करायचा, हा रामसेपटांचा दुतोंडीपणा मला भुतापेक्षा जास्त खटकतो.

या बाबतीत सगळ्यांत बोलकं उदाहरण मात्र ‘राज’चं (२००२). ‘व्हॉट लाइज बिनीथ’ (२०००) या अमेरिकी चित्रपटावरून तो बेतला, हे उघड गुपित आहे. दोन्हीकडे नवऱ्याचं बाहेर प्रकरण, दोन्हीकडे मेलेली प्रेयसी, दोन्हीकडे बायकोला लागलेला सुगावा. मूळ चित्रपटात नवरा खुनी निघतो आणि ती मेलेली मुलगीच त्याला पाण्याखाली घेऊन जाते. ‘राज’चे दिग्दर्शक विक्रम भट्ट यांनी नेमकं हेच फिरवलं. प्रेयसी मालिनी वेडसर ठरते, स्वतःच जीव देते, नवरा तिला जंगलात पुरून मोकळा होतो. मग बायको सावित्रीच्या वाणाने उभी राहून मालिनीचं प्रेत जाळते आणि सत्यवानाला परत मिळवते. घरातल्या बाईने बाहेरच्या बाईला जाळायचं, सत्यवान नामानिराळा. चित्रपट धो धो चालला.

पडद्यावरचा हा बंदोबस्त पडद्याबाहेरही चालू असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाची आहे: दोरखंडाने वा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं. कितीतरी चित्रपटांच्या शेवटाची पटकथाच ती. त्याच वर्षी आलेल्या ‘एक थी डायन’मध्ये डायन खरीच असते आणि तिची शक्ती वेणीत असते. खेड्यापाड्यांत डायन ठरवून बायका मारल्या जाणाऱ्या देशात ही गंमत मला पचली नाही.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलं. ‘स्त्री’मध्ये (२०१८) अंधार पडला की पुरुष घरात कोंडून घेतात, साड्या नेसतात. ‘बुलबुल’मध्ये (२०२०) चुडैलीच्या उलट्या पावलांना कारण मिळालं. बंगालातल्या हवेलीत बालवधू म्हणून आलेल्या मुलीची पावलं तिचा नवराच मारून मारून मोडतो. तीच उलटी होऊन पुढे झाडांवरून फिरतात, बायकांना छळणाऱ्यांचा काटा काढतात. कल्पना अस्सल आहे. पण मार खातानाच्या दृश्यात रक्ताचे थेंब संथ गतीने, चित्रासारखे उडतात, तिथे मी अडखळतो. शिवाय न्याय मिळायला बाईने आधी मरावं लागतं, ही अट दिग्दर्शिका अन्विता दत्त यांनाही मोडता आली नाही.

विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) बाई जिवंत आहे, हे मोठं. आठ महिन्यांची गर्भार नेहा उसाच्या फडातल्या घरात येते. तिची उस्तवार करणारी तुळसाबाई उषा नाईक यांनी अशी उभी केलीय, की तिच्या मायेचीच धास्ती वाटावी. गोष्ट जन्मू न दिलेल्या मुलींची आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा करणाऱ्या राज्यात ती घडते.

पुरुष भूत मात्र लाडकं असतं. ‘मुंज्या’मधला (२०२४) गोट्या वयाने मोठ्या मुन्नीसाठी हट्ट धरतो, मेल्यावरही पिंपळावर बसून लग्नच मागतो. अशीच वासना उरलेली बाई हडळ झाली असती. हा पोरगा हशा आणि शंभर कोटींवर गल्ला मिळवतो. मुन्नी मिळावी म्हणून त्याने सख्ख्या बहिणीचा बळी द्यायचा घाट घातला होता, हे थिएटरबाहेर पडेपर्यंत फारसं कुणाच्या लक्षातही राहत नाही.