‘म्हणून’च्या मागें दडलेलें



युक्लिडनें भूमिति रचतांना जें सिद्ध न करतां मान्य करावयाचें, तें ग्रंथाच्या आरंभींच उघड मांडून ठेविलें. व्यवहारांत आपण तसें करीत नाहीं. आपलीं गृहीतें ‘म्हणून’ या शब्दाच्या मागें दडून बसतात. तर्काची प्रत्येक पायरी बरोबर असूनहि अनुमान फसतें, तें बहुधा या न उच्चारलेल्या विधानामुळें.

आमच्या जालना जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. २०१२-१३ सालीं येथें भीषण अवर्षण पडलें. मोसंबीच्या बागा वाळल्या, जनावरें छावण्यांत गेलीं. ‘पाऊस कमी पडला, म्हणून पाणी नाहीं’, असें जो तो म्हणे. परंतु पडला तेवढा पाऊस आपण राखून ठेवितों, हें गृहीत या वाक्यांत नकळत शिरलें आहे. हिशेब करून पाहावा. एक हेक्टर भूमीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. अवघा ३०० मिलिमीटर पाऊस झाला, तरी तें ३० लक्ष लिटर भरतें! त्यांतलें किती नाल्यांतून वाहून गेलें, हें कोणी विचारलें काय?

याच जिल्ह्यांतील कडवंची गांवानें तें आधींच विचारलें होतें. १९९० नंतरच्या दशकांत तेथें कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्यानें माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली. पुढें शेततळीं आलीं. आकाश तेंच होतें, तरी त्या अवर्षणांतहि तेथील द्राक्षबागा तगल्या.

दुसरें गृहीत अधिक महाग पडतें. ‘विहीर आटली, म्हणून बोअर आणखी खोल न्यावी.’ जितकें खोल तितकें पाणी, असें येथें न तपासतां मानलेलें असतें. आपल्या भूमीखालीं काळा पाषाण आहे. त्यांत पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठतें. त्याखालील अभंग खडक कोरडा असूं शकतो. कित्येकांच्या हातीं शेवटीं दगडाची भुकटी आणि सावकाराचें कर्ज एवढेंच येतें.

मात्र कडवंचीची कथा ऐकून ‘शेततळें खणलें, म्हणून पाणी वाढलें’ असें मानणें, हेंहि गृहीतच होय. भूगर्भांतील पाणी उपसून उघड्या तळ्यांत भरलें, तर साठा वाढत नाहीं. कांहीं पाण्याची वाफ होते, आणि शेजाऱ्याची विहीर मात्र खालावते.

गृहीतांवांचून विचार चालत नाहीं, हें खरें. परंतु घर घेणें, कर्ज काढणें, मुलांची विद्याशाखा ठरविणें, अशा प्रसंगीं बोलण्यांत ‘म्हणून’ आला कीं क्षणभर थांबावें. त्याच्या अलीकडचें कोणतें वाक्य बोलावयाचें राहिलें, तें कागदावर लिहावें, आणि घरांतल्या सर्वांत शंकेखोर माणसाच्या हातीं तो कागद द्यावा.