तपकिरी साका, पांढरा साका

बाटली पाण्याखाली तिरकी धरून, बुडबुडा होऊ न देता भरायची, हा या कामातला पहिला नियम. नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाहेरची हवा आत शिरून चालत नाही. पुण्यात बंडगार्डनजवळ मुळा-मुठेचं पाणी घेताना प्रयोगशाळेतल्या ताईंनी 300 मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरून थोडी वाहू दिली, काचेचं बूच अलगद सरकवत बसवलं आणि बाटली उलटी करून उजेडात पाहिली. आत बुडबुडा दिसला असता, तर ते पाणी ओतून बाटली पुन्हा भरावी लागली असती.

हा नमुना आहे तसा गाडीत ठेवता येत नाही. पाण्यातले जिवाणू रस्त्यातही ऑक्सिजन खात राहतात, म्हणून पुढची क्रिया काठावरच उरकतात. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून 2 मिलिलिटर मँगनस सल्फेट सोडायचं, मग तितकंच आयोडाइड आणि अझाइड मिसळलेलं अल्कली. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. मँगनीजचा पांढरा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो या मँगनीजशी बांधला जातो आणि साका तपकिरी होतो. सकाळी खडकवासल्याच्या जलाशयाकाठी भरलेल्या बाटलीत साका गडद तपकिरी झाला होता. बंडगार्डनच्या बाटलीत तो जवळजवळ पांढराच राहिला. आकडा यायचा होता, पण दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्यावर शहर ओलांडताना नदीचं काय होतं ते समोर दिसत होतं. मला ते पाहून वाईट वाटलं, आणि रागही आला.

ही पद्धत लायोस विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची, 1888 सालची. आज पाण्यात बुडवायचे इलेक्ट्रॉनिक मीटर मिळतात, तरी त्यांचा खरेखोटेपणा तपासायला विंकलरचीच बाटली काढतात. प्रयोगशाळेत आल्यावर साक्यावर सल्फ्युरिक आम्ल सोडलं, तो विरघळला, आणि बांधलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळं झालं. त्यातलं 203 मिलिलिटर पाणी चंचुपात्रात घेतलं. 203च का? आधी घातलेल्या रसायनांनी 4 मिलिलिटर नमुना बाहेर सांडलेला असतो. तेवढी भरपाई केली की मूळ 200 मिलिलिटरचा हिशेब बसतो. मग ब्युरेटमधून हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, थेंबथेंब. रंग गवताच्या वाळक्या काडीसारखा फिका झाला की स्टार्च घालायचा. तो आधी घातला तर आयोडीनला घट्ट धरून बसतो आणि शेवट नीट कळत नाही. स्टार्चने पाणी निळं होतं, आणि एका थेंबाला निळा रंग जातो. थोड्या वेळाने तो परत येऊ शकतो, तिकडे लक्ष द्यायचं नाही. 0.025 नॉर्मल हायपो जितके मिलिलिटर लागलं, तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरला.

हे आकडे मुळातच लहान असतात. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. समुद्रसपाटीला 25 अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम 8.3 मिलिग्रॅम मावतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. माशांना याच तुटपुंज्या साठ्यावर जगायचं असतं. कच्च्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 200 मिलिग्रॅम सहज असतो. आपल्याकडे तो 27 अंशांना, अंधारात, तीन दिवस बाटली ठेवून काढतात. उजेड मिळाला तर शेवाळं आत नवा ऑक्सिजन तयार करतील. हिशेब सरळ आहे: असं एक लिटर सांडपाणी साधारण पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. मुठेकडे तेवढं स्वच्छ पाणी आहे कुठे? खडकवासल्याचं पाणी शहराला आणि कालव्याला जातं. पावसाळा सोडला तर नदीच्या पात्रात फार थोडं सुटतं.

ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, मग मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडकडे वळतात, त्यानंतर सल्फेटकडे. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो. पुलावरून जाताना नाक दाबायला लावणारा सडक्या अंड्याचा वास तो हाच. त्याचा लोहाशी संयोग झाला की तळाचा गाळ काळा पडतो. शिसं, कॅडमियम यांसारखे धातूही सल्फाइड होऊन याच गाळात बसतात, आणि पुरात गाळ ढवळला जाऊन हवेशी गाठ पडली की त्यातले काही पुन्हा पाण्यात सुटतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फॉस्फरसची. मलमूत्रातून आणि काही धुण्याच्या पावडरींतून तो येतो. त्याचा वायू होऊन उडून जात नाही, त्याला वासही नसतो. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातल्या लोहाला तो चिकटून राहतो. ऑक्सिजन संपून लोह विरघळलं की तोही सुटतो. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते, आणि तिथे या फॉस्फरसवर जलपर्णी आणि शेवाळं पोसतात. दुपारी शेवाळाच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर सापडेल, पहाटे तेच पाणी रिकामं झालेलं असेल. त्यामुळे नमुन्याच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नसेल तर आकडा फसवा ठरतो.

सांडपाणी शुद्ध करण्याची नेहमीची केंद्रं बीओडी चांगला खाली आणतात. फॉस्फरस काढायला वेगळी सोय लागते. ती नसेल तर त्याचा मोठा भाग शुद्ध केलेल्या पाण्यातूनही नदीत उतरतो. म्हणजे बंडगार्डनची बाटली उद्या तपकिरी झाली, तरी उजनीची जलपर्णी हटेलच असं नाही. नदी सुधारल्याचा अहवाल कोणी समोर ठेवला, तर त्यात फॉस्फरसचा रकाना कुठे आहे, हे मी आधी विचारेन.